चकव्याने निवडलेलं यंत्र

पिवळं यंत्र चांगलं आहे, हे चकवा आजही नाकारत नाही. ऊन डोक्यावर असताना त्याची काच वाचता येते, ग्रीसने बरबटलेल्या बोटांनी त्याची बटणं दाबता येतात, आणि बॉनेटवरून दगडावर आपटलं तरी ते हूं की चूं करत नाही. तीन यंत्रांतून हेच घ्या, असं त्यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं. कुणी फसवून वाईट माल गळ्यात मारला असता तर चार शिव्या हासडून तो मोकळा झाला असता. पण माल अस्सल निघाला. खोट निघाली ती माणसात, आणि ते माणूस त्याच्याच ताटाशेजारी बसून मोठं झालेलं.

चकवा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शहर संपतं तिथे डांबर संपतं आणि पुढे गाडीने दोन दिवस जावं एवढं मोकळं रान आहे. काटेरी झुडपं, खडक, कोरड्या नद्या आणि मधेमधे मिठाची पांढरी सपाट मैदानं. त्या रानात वारा-पाऊस मोजायचे एकोणीस खांब उभे आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येक खांबाशी जायचं, त्याची पेटी उघडायची, नोंदी काढायच्या, पक्ष्यांनी घाण केलेली असेल ती पुसायची आणि परत यायचं. हे काम खांबांच्या ऑफिसचं, आणि ऑफिसच्या मेकॅनिकला तिथवर नेऊन आणायचं काम चकव्याचं. सव्वीस वर्षं.

सुरुवातीच्या काळात एका ठेकेदाराने ते काम मिळवायचा घाट घातला होता. त्याने आपला ड्रायव्हर चकव्याच्या गाडीमागे लावला. चकव्याला आरशात धुरळा दिसला. त्याने काहीच दाखवलं नाही. एका टेकडीला त्याने तीन फेऱ्या मारल्या, दर वेळी वेगळ्या बाजूने, आणि तिसऱ्या फेरीला झाडाखाली गाडी लावून डबा उघडला. मागचा बिचारा तासाभराने घामाघूम होऊन तिथेच पोचला, तेव्हा चकवा त्याला म्हणाला, "या, बसा. हात धुवायला पाणी आहे." परत गेल्यावर तो ड्रायव्हर सगळ्यांना सांगत सुटला, मला रानात चकवा लागला म्हणून. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको सोडली तर सगळे त्याच नावाने हाक मारायचे.

त्या रानातली मोठी वाट गुराढोरांनाही ठाऊक होती. पण खांबांकडे जायच्या वाटा मोठ्या वाटेला सोडून आत जात, आणि त्या चकव्याने एकेक करून शोधलेल्या होत्या. मिठाचं मैदान वरून फरशीसारखं दिसतं. वर पापुद्रा आणि खाली बोटभर खोल की पुरुषभर खोल ते सांगता येत नाही असा गाळ. कुठे पापुद्रा गाडी पेलतो, कुठल्या नदीच्या पात्रात वाळू घट्ट आहे, कुठल्या खडकामागे बारा महिने पाणी झिरपतं, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर टिंबसुद्धा नाही. आणि मोठी वाट सोडून आत वळलं की तो गाडी थांबवायचा, झुडपाची एक फांदी तोडायचा आणि मागे चालत जाऊन वळणापासून पन्नास पावलांपर्यंतची चाकोरी झाडून पुसायचा. पाहणाऱ्याला वाटावं, इथून कधी कुणी वळलंच नाही.

मेकॅनिक गाडीत बसून कुरकुरायचा. "अहो, आपण खांब बघायला आलोय की झाडलोट करायला?"

"घर आपलं, तर झाडू आपणच मारायचा," चकवा म्हणायचा.

त्याचं साधं होतं. गवंड्याकडे थापी असते, न्हाव्याकडे वस्तरा असतो, तशी आपल्याकडे वाट. ती दुसऱ्याच्या हातात गेली की मागे उरतो तो नुसता कंबर दुखणारा ड्रायव्हर. तसे ड्रायव्हर कुठल्याही स्टँडवर डझनाने मिळतात.

आता मेव्हण्याचं सांगायला हवं. बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा, एक पिशवी घेऊन बहिणीच्या दारात आला तो लग्न होईपर्यंत तिथेच राहिला. चकव्याने त्याला शाळेत सोडलं, कॉलेजची पुस्तकं आणली, परीक्षेत दोनदा आपटला तेव्हा बहिणीच्या मारापासून वाचवलं. आणि खांबांच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा जन्मात कुणापुढे मान न वाकवलेला हा गडी साहेबाच्या दारात चार दिवस उभा राहिला. मेव्हणा चिकटला, शिकला, वर चढला. आता तो तिथे सुपरवायझर होता. चाळिशी गाठली, पोट सुटलं, तरी दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा आणि "दाजी, दाजी" करत चकव्याच्या मागे फिरायचा.

अशाच एका रविवारी तो खाकी खोकं घेऊन आला. जेवणाआधीच टेबलावर उघडून त्याने तीन यंत्रं ओळीने मांडली.

"दाजी, तीन मुली आणल्यात. एक पसंत करायची."

"या वयात?" आतून बहीण ओरडली. "आहे तीच सांभाळता येईना."

चकव्याने चष्मा लावला. "काय आहे हे?"

"जीपीएस. हातात धरायचं, खिशात घालायचं. आकाशातल्या उपग्रहांना विचारून सांगतं, आपण कुठे आहोत ते. मोबाइलला रेंज नसली तरी चालतं."

"मी कुठे आहे ते मला ठाऊक असतं रे."

"तुम्हाला असतं हो! पण रानात गाडी बंद पडली, तुम्हाला काही झालं, तर ऑफिसने मदत पाठवायची कुठे? ऑफिस यंत्र घेणार हे नक्की. कुठलं घ्यायचं यावर टेबलाभोवती बसून आठ दिवस वाद चाललाय. एकाने उभ्या जन्मात रान पाहिलेलं नाही, दुसरा म्हणतो ज्याचा रंग चांगला ते घ्या. मी सांगून टाकलं, आमचे दाजी म्हणतील ते."

हे शेवटचं वाक्य चकव्याला लागलं. लागलं म्हणजे गोड लागलं. सव्वीस वर्षांत ऑफिसने त्याला कुठलीच गोष्ट विचारली नव्हती, गाडीला कुठला टायर घालायचा हेसुद्धा नाही. त्याने एकेक यंत्र हातात घेऊन वजन पाहिलं, बाजार करताना फळ पाहतात तसं.

"कसं तपासायचं?"

"एकेका फेरीला एकेक न्या. पण सोप्या वाटेवर नको. सोप्या वाटेवर कुठलंही चालेल. तुमच्या त्या खास वाटा आहेत ना, तिकडे न्या. तिथे जे टिकेल तेच खरं." मग त्याने प्रत्येकाच्या काचेवरचा एक लाल ठिपका दाखवला. "हा विझू द्यायचा नाही. बॅटरी किती टिकते ते यावरून कळतं. आणि अवघड जागा आली, वळण आलं, पाणी आलं, की हे बटण दाबायचं. धुळीत, धक्क्यात बटण नीट लागतं का ते बघायचंय."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी तुमची नजर."

जेवताना बहिणीने भावाला दोनदा आग्रह केला आणि दोन्ही वेळा त्याच्याकडे न बघता केला. हे चकव्याला पुढे फार दिवसांनी आठवलं. त्या दुपारी तो यंत्रांकडे बघत जेवत होता.

पुढचा महिनाभर त्याने त्या यंत्रांची जी परीक्षा घेतली, तशी त्याची स्वतःची कुणी घेतली नसेल. पहिलं काळं. दिसायला देखणं, बोट फिरवलं की चालणारं, पातळ. दक्षिणेकडच्या चार खांबांना ते नेलं. उन्हात काच उघडली तर तिच्यात स्वतःचंच तोंड. "दाढी करायला बरं आहे," तो मेकॅनिकला म्हणाला. बोटाला धूळ लागली की ते ऐकेना, पुसून दाबावं तर तिसरंच काहीतरी उघडे. पण त्याचा खरा दोष दिसला खिंडीत. दोन्ही बाजूंना उभे कडे, वर आभाळाची चिंधीएवढी पट्टी. तिथे ते बावचळलं. गाडी तळात उभी, आणि हे दाखवतंय की तुम्ही कड्याच्या माथ्यावर. खिंड ओलांडून मिठाच्या मैदानाच्या काठी आलं तरी त्याचं डोकं ठिकाणावर येईना. चकव्याने गाडी जिथून मैदानात घातली, तिथून यंत्राने त्याला काठाने चांगली तीनशे पावलं खाली दाखवलं.

दुसरं मोठं, पाटीएवढं. मेकॅनिकने त्याला टीव्ही म्हणायला सुरुवात केली. रंगीत नकाशा, टेकड्यांना सावल्या, बघत राहावं असं. पूर्वेच्या फेरीला डॅशबोर्डवर बसवलं, तर अकरा वाजता तापून बंद. ओल्या फडक्यात गुंडाळून पुन्हा चालू केलं तर नकाशाच्या जागी पांढरे चौकोन. रेंज असताना नकाशा आधी भरून घ्यायचा असतो म्हणे. "म्हणजे घरातून निघतानाच कुठे हरवणार ते सांगून ठेवायचं," चकवा म्हणाला. दुपारनंतर टीव्ही फडक्यातच राहिला.

तिसरं पिवळं. विटेसारखं जाडजूड, वर आखूड शेपटासारखा अँटेना, काच लहान. पहिल्या नजरेला कुणी पसंत करणार नाही. पण चकव्याने ते दुपारभर बॉनेटवर ठेवलं, चाललं. पाण्याच्या बादलीत बुडवलं, चाललं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून हलवलं, बाहेर काढून फुंकर मारली, चाललं. त्याला साधे पेन्सिल सेल लागायचे, कुठल्याही टपरीवर मिळणारे, आणि हातमोजे न काढता बदलता यायचे. उत्तरेच्या फेरीतही एक घळ होती, तिथे ते क्षणभर चाचरलं आणि पुन्हा जागेवर आलं. त्याला ते इतकं आवडलं की पश्चिमेच्या फेरीलाही त्याने तेच नेलं, गरज नसताना.

आणि या सगळ्या दिवसांत, दर वळणावर तो गाडीतून उतरत होता, फांदी तोडत होता, पाठीत वाकून पन्नास पावलं चाकोरी झाडत होता. शर्टाच्या खिशात यंत्र. यंत्राचा लाल ठिपका चालू. ठिपका विझू देऊ नका असं सांगितलेलं, म्हणून अधूनमधून खिसा उघडून तो बघतही होता. अवघड जागा आली की इमानाने बटण दाबत होता. पाण्याच्या झऱ्यापाशी त्याने दोनदा दाबलं, नीट लागलं की नाही अशी शंका आली म्हणून.

रविवारी मेव्हणा वही घेऊन बसला. चकवा बोलत गेला, तो लिहीत गेला.

"टीव्ही घरात ठेवायला बरा. काळं तर घेऊच नका. खिंडीत उडी मारतं. माणूस एकीकडे, हे दाखवतं भलतीकडे. त्याच्या भरवशावर मिठात गाडी घातली तर बाहेर काढायला कुणी उरणार नाही. लिहिलंस?"

"लिहिलं."

"पिवळं घ्या. दिसायला दगड आहे, पण शब्दाला जागणारं आहे."

मेव्हण्याने तेही लिहिलं.

दीड महिना गेला. मधे ऑफिसने सांगितलं, खांबांची दुरुस्ती चाललीय, फेऱ्या बंद आहेत. चकव्याने गाडीचं ऑइल बदललं, सीट शिवून घेतली. एका सकाळी सहज म्हणून तो ऑफिसच्या आवारात गेला, तर तिथे पाच नव्या गाड्या. कुण्या ठेकेदाराच्या. फळ्यावर या आठवड्याच्या फेऱ्या लिहिलेल्या, त्यात त्याचं नाव नाही. एका गाडीच्या पायरीवर पुढचे दोन दात पडलेला एक ड्रायव्हर बसला होता. त्याच्या हातात पिवळं यंत्र.

"चांगलं आहे हो हे," चकव्याने स्वतःहून विषय काढला. आपण निवडलेलं, थोडा भाव खायची हौस होतीच.

"एक नंबर!" ड्रायव्हर सरकून बसला. "बसा काका. हे बघा, परवा आम्ही उत्तरेला जाऊन आलो. जन्मात तो भाग पाहिला नव्हता. नुसतं या रेघेवर गाडी ठेवायची. हे ठिपके म्हणजे सांभाळायच्या जागा. हा पाण्याचा, परवा तिथेच बाटल्या भरल्या. याच्यावर तर दोन ठिपके आहेत, म्हणजे पाणी भरपूर असणार."

चकव्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"एकच गंमत कळली नाही," ड्रायव्हर बोलतच होता. "इथे बघा. रेघ सरळ चाललीय, मधेच उजवीकडे चाळीसेक पावलं जाते आणि परत येते. आम्ही म्हटलं, काहीतरी असणार. गेलो. नुसता एक मोठा खडक. काही पुरलंबिरलंय की काय म्हणून आमच्यातल्या एकाने मागची माती पण उकरून बघितली. तुम्ही इथलेच ना? काय आहे हो तिथे?"

चकव्याला त्या खडकामागे काय आहे ते चांगलं ठाऊक होतं. उत्तरेच्या त्या फेरीला सकाळपासून त्याचं पोट बिघडलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि उठला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते त्याने आजवर मिठाच्या मैदानात पाहिलं होतं. सिमेंटच्या आवारात पहिल्यांदाच पाहिलं. गाडी कुठे वळली, कुठे थांबली, कुठे पाणी प्याली, एवढंच नव्हे तर तो स्वतः कुठे बसला, ते सगळं यंत्राने लिहून ठेवलं होतं. आता ते पाच गाड्यांत होतं. उद्या पन्नास गाड्यांत घालता येईल.

मेव्हण्याच्या खोलीला काचेचं दार होतं. चकवा आत गेला आणि उभाच राहिला. मेव्हण्याने एकदा तोंड वर केलं आणि समजला. बसा म्हणायचं धाडस त्याला झालं नाही.

"लाल ठिपका बॅटरीचा होता?"

मेव्हण्याने टेबलावरचे कागद सारखे केले.

"मी काय विचारतोय?"

"दाजी, वरून दट्ट्या होता. एकट्या माणसाच्या डोक्यात सगळ्या वाटा, उद्या त्याला काही झालं तर एकोणीस खांब बंद पडणार. वाटा काढून आणा नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला, असं मला तोंडावर सांगितलं. मी काय करायचं?"

"मागायचं."

"दिल्या असत्या तुम्ही?"

चकव्याने खोटं बोलायचा विचार केला, पण जमला नाही. "नसत्या दिल्या."

"मग?"

"मग काय मग? नाही म्हणायचा माझा हक्क होता तो. तू तोही ठेवला नाहीस. चोर कुलूप तरी फोडतो रे. तू मलाच माझं घर उघडून दाखवायला लावलंस, आणि वर 'आमचे दाजी म्हणतील ते' म्हणालास. केसाने गळा कापलास."

"यंत्र तर तुम्हीच निवडलंत ना, तेच घेतलं," मेव्हणा हळूच म्हणाला. बोलून झाल्यावर त्यालाही कळलं की हे बोलायला नको होतं.

घरी आला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि एकाच टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. दहाव्या वाक्याला त्याच्या लक्षात आलं की ही एकदाही 'अगं बाई' म्हणाली नाही.

"तुला ठाऊक होतं."

"त्याने सांगितलं होतं," ती म्हणाली. "आधीच."

"आणि तू मूग गिळून बसलीस."

"बसले. मग काय करू? गेल्या वर्षी खांबावरून आलात तेव्हा गाडीतून तुम्हाला मी आणि मेकॅनिकने मिळून उतरवलं. तीन दिवस पाठ टेकत नव्हती. तुम्ही कधी थांबला असतात का आपणहून? एक दिवस कुणीतरी येऊन सांगायचं मला, रानात गेले म्हणून. त्याची वाट बघत बसू?"

"माझ्या कमरेचं मी बघेन. माझ्या वाटेचं काय?"

"वाट, वाट! वाटेशी लग्न करायचं होतंत मग."

एरवी या बोलण्यावर तो हसला असता. त्या दिवशी त्याला वाटलं, या घरात जेवायला तीन माणसं बसत होती आणि दोघांना ठाऊक होतं. त्याने चप्पल घातली, दारापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला. फळ्यावर लिहिलेलं डोळ्यांपुढे आलं. उद्याची फेरी दक्षिणेची होती.

दक्षिणेला त्याने पिवळं नेलंच नव्हतं. दक्षिणेची रेघ काळ्याची. खिंडीत उडी मारून तीनशे पावलं खाली उतरलेली. आता ती पिवळ्यात भरली असणार, आणि पिवळं शब्दाला जागणारं. ते इमानाने त्या ड्रायव्हरला गाळात नेणार.

तो परत येऊन बसला. "उद्याची रेघ चुकीची आहे," तो म्हणाला.

"अहो, मग सांगा जाऊन!"

"का सांगू? बुडूदे एक गाडी. मग कळेल चकव्याशिवाय चालत नाही ते. येतील धावत."

बायकोने टॉवेल खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. ते शब्द तोंडातून गेल्या गेल्या त्यालाच त्यांची घाण वाटली. त्याने उरलेला दिवस गाडीच्या चाकांचे नट उघडून पुन्हा बसवण्यात घालवला. ते ढिले नव्हते.

फेऱ्या सहाला सुटत. सकाळी सहा वाजले तेव्हा तो घरात चहा पीत होता. सव्वासहाला त्याने स्वतःला सांगितलं, झालं, गेले असतील, आता आपल्या हातात नाही. साडेसहाला त्याला तो ड्रायव्हर आठवला, सरकून जागा करून देणारा. त्या माणसाने आपलं काय घोडं मारलंय? त्याने गाडी काढली आणि सव्वीस वर्षांत हाकली नव्हती अशी हाकली. मोठ्या वाटेवर त्यांना गाठायचं असं डोक्यात होतं, पण आवारावरून जाताना त्याने सवयीने आत पाहिलं, आणि ब्रेक दाबला.

पाचही गाड्या उभ्या होत्या. इंजिनं थंड. ड्रायव्हर बॉनेटला टेकून चहा पीत होते.

"निघाला नाहीत?" त्याने खिडकीतूनच विचारलं.

"साहेबांनी थांबवलंय," तो दात पडलेला म्हणाला. "कुणीतरी यायचंय म्हणे."

मेव्हणा काचेच्या दारातून बाहेर आला. हातात एक कागद. वर 'दक्षिण मार्ग, दुरुस्तीसह' असं छापलेलं, आणि खाली 'तपासणारे' या शब्दापुढे चकव्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, टाइप केलेलं. फक्त सहीची जागा रिकामी.

चकव्याने कागद वाचला. दोनदा वाचला.

"तुला ठाऊक होतं, रेघ चुकीची आहे ते."

"तुमच्याच तोंडचं लिहून घेतलंय मी. काळं खिंडीत उडी मारतं."

"मग काल का नाही बोललास?"

"काल कुठल्या तोंडाने बोलणार होतो?"

"आणि मी आलोच नसतो तर?"

मेव्हण्याने खाली पाहिलं. "नऊला सोडावं लागलं असतं. वरून रोज विचारतात." मग मनापासून, लहानपणी बोलायचा तसं म्हणाला, "पण तुम्ही येणारच होतात, दाजी. मला खात्री होती."

काल यंत्र कळलं तेव्हा चकव्याला राग आला होता. बायकोचं कळलं तेव्हा एकटं वाटलं होतं. आता नेमकं काय वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं. वाटा तर काढून घेतल्याच होत्या. पण आपण कुठल्या क्षणी कुठे वळणार, तेही या माणसाने मोजून ठेवलं होतं, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्यांचे जीव पणाला लावून निवांत कागद छापून बसला होता. त्यासाठी त्याला उपग्रहही लागला नव्हता. एकाच घरात वाढल्यावर एवढं कळतं.

तो ड्रायव्हरकडे वळला. "चल. तोंडी सांगून भागणार नाही. जागेवर जाऊन बटण दाबावं लागेल."

आपल्याच वाटेवर तो पहिल्यांदा डाव्या बाजूच्या सीटवर बसून गेला. वळण आलं. ड्रायव्हरने यंत्राकडे बघून गाडी बरोबर वळवली, न थांबता. मागे चाकोरीचे दोन ठळक पट्टे उमटत गेले. चकव्याने एकदा आरशात पाहिलं आणि मग पुढेच पाहत राहिला. खिंड ओलांडून मैदानाच्या काठी आले तेव्हा रेघ सांगत होती, सरळ जा. समोर मीठ आरशासारखं लखलखत होतं. चकव्याने एक दगड उचलून त्यावर फेकला. दगड पापुद्रा फोडून आत गेला आणि भोकातून काळं पाणी वर आलं.

ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला. "काका..."

"वर चल. तीनशे पावलं." तिथे मीठ मळकट होतं, कुणी पाय पुसल्यासारखं. "लखलखतं तिथे जायचं नाही. मळकं दिसतं तिथे खाली खडी असते."

"हे यंत्रात कसं टाकायचं?"

"हे नाही टाकता येत. डोक्यात टाक." मग त्याने यंत्र हातात घेतलं आणि बटण दाबलं. नीट लागलं. एकदाच दाबलं.

परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मेव्हणा आवारातच होता, हातात तोच कागद आणि उघडलेलं पेन.

"सही राहिली, दाजी."

"याची घे." चकव्याने ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. "त्याने तपासलं. मी नुसता बसलो होतो."

ड्रायव्हर बावरून दोघांकडे पाहत राहिला. मेव्हण्याने पेन मिटलं. चकवा आपल्या गाडीचं दार उघडत होता तेव्हा तो मागून आला.

"रविवारी येऊ ना घरी?"

"बहिणीचं घर आहे तुझ्या. मला काय विचारतोस?"

"तुम्ही असाल ना पण?"

"नाही."

"का? कुठे असाल?"

चकव्याने गाडी चालू केली. मेव्हण्याने खिडकीची कड धरली होती, पुन्हा विचारलं, "दाजी, कुठे जाणार आहात?"

त्याने सांगितलं नाही. त्या रविवारी तो सकाळी निघाला आणि ताटं उचलून झाल्यावर परत आला. पुढच्या रविवारीही. कुठे असता म्हणून बायको विचारत राहिली. तिलाही त्याने सांगितलं नाही.